आण्णांची काडेपेटी

राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावात 'वणवा लागला' म्हणतात. तो लागत नाही, लावतात. आमच्या आण्णांनीच कैक वर्षं लावलाय. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? होळीच्या आगेमागे तिन्हीसांजेला पठारावर जायचं, वाळल्या गवताला काडी लावायची आणि घरी येऊन जेवायला बसायचं. जाळलं की वळवानंतर कोवळं फुटतं, म्हशींना बरं, एवढाच हिशेब.

कोवळं फुटतं हे खरंच. पण दर साली जाळून जाळून पठारावर मारवेल, पवना ही चांगली गवतं मागं पडली आणि कुसळी माजली. ती कोवळी आहे तोवर ठीक, कुसळं धरली की म्हैस तोंड लावत नाही.

कार्बनचं गणित मला भाच्यानं सांगितलं. वाळल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं. जळलेलं गवत पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वाढतं आणि धुरातनं गेलेला कार्बन बराचसा हवेतनं परत ओढून घेतं. जांभळाच्या, हिरड्याच्या वीतभर रोपाचं तसं नाही. ते दर उन्हाळ्यात करपतं, म्हणजे कार्बन साठवायला नवं लाकूड उभंच राहत नाही. ऐनाचं मोठं झाड जाड सालीच्या जोरावर तगतं, म्हणून लांबनं डोंगर झाडांचा दिसतो. जवळ जाऊन बघा, बुंध्याखाली पोर नाही. शेजारीच 351 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत. यादीचं गव्यांना काय, ते येतात आमच्या उसात!

यंदा जानेवारीत वनरक्षकांबरोबर जाळरेषा काढायला आम्ही दहाबारा जण गेलो. दोन्ही कडांनी गवत कापून पट्टे मोकळे करायचे आणि मधलं गवत आपणच जाळायचं. मग उन्हाळ्यात आग आली तरी तिथं तिला खायला काही उरत नाही. उत्साहात मी खालच्या अंगाला काडी लावायला वाकलो, तर मागनं आण्णा ओरडले, "आरं, थांब! जाळ चढाला घोड्यावाणी पळतोय. वरनं लाव, वाऱ्याला तोंड करून. मग रांगत येतोय बघ खाली."

तसंच झालं. जाळ गुडघ्याएवढा, मुकाट्यानं उतरत आला आणि कापलेल्या पट्ट्यापाशी विझला. दव होतं, वारा पडलेला होता. ही वेळही आण्णांनीच सांगितलेली. आम्ही ओले डहाळे घेऊन दोन्ही कडांना नुसते उभे. वनरक्षकांनी विचारलं, "आजोबा, एवढं कुठं शिकला?" आण्णा गवताकडं बघत राहिले. मीही काही बोललो नाही. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यात गुन्हा आहे, आणि समोर खाकी वर्दी.

उतरताना मी काडेपेटी मागितली. "ऱ्हाऊ दे माझ्याकडंच," म्हणाले आणि बंडीच्या खिशाला वरनं पिन लावली.