तुम्ही विचारलंत म्हणून: आई-वडिलांना पुण्याला न्यावं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा पुण्यात नोकरी करणारी मुलं विचारतात, आणि तोही सोलापुरात आई किंवा वडील पडल्यावर. मग आधी उलट विचारावं लागतं, पडले कुठे, किती वाजता? पाणी भरताना, नाहीतर मोरीत, हे उत्तर फार वेळा येतं.

इथे नळाला रोज पाणी नसतं, काही दिवसांआड येतं, कधी अपरात्री. सत्तरी गाठलेली माणसं ओल्या अंगणात बादल्या उचलतात. 15 लिटरची बादली म्हणजे 15 किलो वजन. दोघांना माणशी रोज 100 लिटर धरले तर पाच दिवसांना 1000 लिटर लागतात. खाली हौद, त्याच्या नळाला भरला की बंद होणारा फ्लोट. वर 1000 लिटरची टाकी, अर्ध्या एचपीची मोटर आणि ती आपोआप बंद करणारा स्विच. एवढं झालं की रात्री उठायचं कारणच उरत नाही.

मोरीत तोल गेला की हात टॉवेलच्या दांडीकडे जातो आणि दांडी स्क्रूसकट हातात येते. आधाराचा गज वेगळा घ्या, फरशीपासून 80 ते 85 सेंटिमीटरवर, विटेच्या भिंतीत खोल फास्टनर मारून. पेठेतल्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात मात्र भिंत दगडमातीची. तिथे फास्टनर धरत नाही, गज हलवला की भोकातून माती गळते. अशा ठिकाणी पाइप खाली काँक्रीटमध्ये रोवूनच बसवावा. कमोडची बैठक साधारण 45 सेंटिमीटर उंच हवी. मोरीचा काठ फोडून उतार करून घ्या.

एवढ्या कामासाठी घर हलवू नये. पण गॅस चालू राहतो, गोळ्या दोनदा घेतल्या जातात, ओळखीचा रस्ता चुकतो, अशी लक्षणं दिसली तर गज आणि टाकी पुरत नाही. तेव्हा सोबत माणूसच हवं. पुणं अडीचशे किलोमीटर लांब. हाक मारल्यावर पंधरा मिनिटांत कोण येतं आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, यावर राहायचं की जायचं ते ठरवा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजीला ही किल्लीवाली शेजारीण गल्लीतच असते. पुण्यात बाराव्या मजल्यावर तिच्याशी तेलुगूत बोलणारं कुणी नसेल, तर ती दिवसभर गप्प बसते. हे नुकसान डॉक्टरांच्या कागदावर येत नाही, म्हणून मुलांच्या लक्षात येत नाही.

न्यायचंच असेल तर आधी दोन महिने राहून बघू द्या. त्यांना स्वतःचं कपाट आणि दाराची किल्ली द्या. हयातीचा दाखला मोबाइलवरूनही देता येतो, तेव्हा पेन्शनसाठी अडून बसायला नको. जोडीदार गेल्यावर तेराव्यालाच घर विकायची बोलणी सुरू होतात, ती मात्र वर्षश्राद्धापर्यंत थांबवा.

आणि घर मुलाच्या नावे करायचं असेल तर बक्षीसपत्रात सांभाळायची अट स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते बक्षीसपत्र रद्द ठरवून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर तीच गोष्ट सिद्ध करता करता म्हाताऱ्या माणसाची दमछाक होते.