उचलीचा आकडा

शिरोळ तालुक्यातल्या ऊसतोड टोळीवरची बातमी दुपारी डेस्कवर आली. ‘अठराविश्वे दारिद्र्य’, ‘विझलेले डोळे’ यांवर आधी काट मारली. गळीत हंगाम सुरू झाला की हे शब्द उसाआधी उगवतात. खरी अडचण पुढं होती. बाईचं नाव बदललेलं, पण मूळ गाव, मुलं किती, टोळी आणणाऱ्या मुकादमाचं आडनाव आणि फोटोत ट्रॉलीचा नंबर, सगळं तसंच. दहा-बारा कोयत्यांच्या टोळीत (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) एवढ्यावर ती कोण हे कुणीही सांगेल. गावाऐवजी ‘बीड जिल्हा’ केलं, आडनाव काढलं, फोटो नंबर प्लेटच्या वर कापला. कोपीत (तळावरच्या झोपडीत) झोपलेल्या लेकराचा फोटो घेतलाच नाही.

मग मजकूर वाचून दाखवायला बातमीदार मुलीला परत पाठवलं. फोन उपयोगाचा नाही, तो नवऱ्याकडं असतो. उसाच्या फडातही नको, तिथं मुकादम असतो. संध्याकाळी बायका पाणी भरायला येतात, ती वेळ साधायची आणि अख्खी बातमी वाचायची. नुसतं ‘छापू का?’ विचारलं तर समोरचं माणूस भिडेपोटी हो म्हणतं.

पहाटेची तोडणी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं, कोपीतला गारठा, यातल्या कशालाच बाईची हरकत नव्हती. “उचलीचा आकडा तेवढा काढा, ताई. कोपीकोपीत भांडणं लागतील.” प्रत्येक जोडीची उचल (हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) वेगळी ठरते आणि कुणाची किती हे मुकादम दुसऱ्याला कळू देत नाही. डेस्कवर बसून हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

आकडा गेला, पण हिशेबाशिवाय बातमी लंगडी. म्हणून लाखाची उचल धरून मांडणी केली. जानेवारी 2024 मधल्या 34 टक्के वाढीनंतर तोडणीचा दर टनाला 366 रुपये. लाख फेडायला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तरी 137 दिवस, तेही एक खाडा न पडता. मधे घरखर्चाला मिळणारी खर्ची त्याच खात्यावर चढते. कारखान्याचा पट्टा आधी पडला, म्हणजे गाळप थांबलं, की उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत. ही चौकट बातमीच्या वरच्या भागात बसवली, जागेसाठी रडगाण्याच्या ओळी उडवल्या.

बातमी आल्यावर ब्लँकेटं द्यायला पत्ता विचारणारे फोन सुरू झाले. एकाच कोपीत मदत गेली की बातमी कुणाची हे तळावर लगेच कळतं. म्हणून पत्ता दिला नाही; जवळच्या कुठल्याही तळावर जा, पण सगळ्या कोप्यांना पुरेल एवढं घेऊन जा, असं सांगितलं.