पासपोर्टवरचं नाव आणि यादीतलं नाव

४ मे २०२३, गुरुवार. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या सिटी कौन्सिलची, म्हणजे महापालिकेची निवडणूक. सकाळी सव्वासहाला मी शहराच्या पूर्व भागातल्या एका प्रायमरी शाळेच्या हॉलमध्ये पोचले, अंगात जाड स्वेटर, हातात दोन डबे, एक दुपारचा आणि एक रात्रीचा, कारण पोलिंग स्टेशनवर काम करायचं म्हणजे सकाळी सात ते रात्री दहा, मधे घरी जायचं नाही. वॉर्डचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पुढे जिच्याबद्दल सांगणार आहे तिला कोणी ओळखू नये म्हणून.

मी तशी अकाउंट्समधली, त्या दिवसापुरती रजा टाकून पोल क्लार्क म्हणून गेले होते. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. हे मुलुंडला घरी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही, पण ब्रिटनमध्ये कायदेशीर रहाणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना इथे मत देता येतं, म्हणजे भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन आलेला माणूससुद्धा यादीत नाव घालून मत देऊ शकतो. मी पोस्टाने आधीच देऊन टाकलं होतं कारण दिवसभर तिथेच बसायचं होतं.

आम्ही तिघं होतो. प्रिसायडिंग ऑफिसर, साठीची एक इंग्लिश बाई, खूप वर्षं हे काम करणारी. दुसरा क्लार्क युनिव्हर्सिटीत शिकणारा गुजराती मुलगा. आणि मी. सात वाजता बाईंनी रिकामी पेटी सगळ्यांना उघडून दाखवली, मग सील केली, आणि दार उघडलं. बाहेर पहिला माणूस कुत्रा घेऊन उभा होता.

इथे मशीन नाही, शाईही नाही. कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. शाई लावत नाहीत तर मग दुसऱ्यांदा कोणी येत नाही का, हे मला भारतातून फोनवर हमखास विचारतात. तर मतदाराचं नाव छापील यादीत असतं, त्यावर आम्ही रेघ मारतो, आणि एका वेगळ्या कागदावर कुठल्या नंबरची मतपत्रिका यादीतल्या कुठल्या नंबरला दिली ते लिहितो, संपलं. इतकी वर्षं बहुतेक विश्वासावरच चालायचं, नाव पत्ता सांगायचा आणि कागद घ्यायचा, ओळखपत्र कोणी मागायचं नाही. ते २०२३ ला बदललं. २०२२ च्या इलेक्शन्स अॅक्टप्रमाणे इंग्लंडमध्ये फोटोवालं ओळखपत्र सक्तीचं झालं आणि ४ मे हा त्याचा पहिलाच दिवस होता. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये निम्म्याहून जास्त वेळ फक्त ह्यावरच. काय चालतं: पासपोर्ट, कॉमनवेल्थ देशांचासुद्धा, ड्रायव्हिंग लायसन्स, व्हिसाचं बायोमेट्रिक कार्ड, म्हाताऱ्यांचा बसपास, अपंगांना पार्किंगसाठी मिळणारा ब्ल्यू बॅज, आणि ज्याच्याकडे ह्यातलं काहीच नाही त्याला कौन्सिलकडून फुकट मिळणारं सर्टिफिकेट, पण त्याचा अर्ज २५ एप्रिलपर्यंतच करायचा होता. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो, चेहरा ओळखता आला की झालं. काय चालत नाही: कॉलेजचं कार्ड, तरुणांचा रेल्वे पास, बँकेचं कार्ड, ओसीआय कार्ड, आणि आपलं आधार. आधार घेऊन दोघं आलेच.

माझ्या मते म्हाताऱ्यांचा बसपास चालतो आणि मुलांचा रेल्वे पास चालत नाही हे बरोबर नाही. दोन्हीवर फोटो असतो. हे मी तेव्हाही बोलले होते आणि आजही तेच म्हणेन.

सकाळी कामावर जाणारे येऊन गेले, नर्स, बस ड्रायव्हर, गोडाऊनला जाणारी मंडळी. नऊच्या सुमारास एक निकाब घातलेली बाई आली. अशा वेळी तिने मागितलं तर चेहरा बाईने आणि आडोशाला बघायचा असा नियम, म्हणून आम्ही कोपऱ्यात पडदा आणि एक छोटा आरसा ठेवलेला. तिला घेऊन मी पडद्यामागे गेले, तिने निकाब वर केला, मी लायसन्सवरचा फोटो पाहिला, थँक्यू म्हटलं, तिने आरशात बघून नीट बांधला. सगळं मिळून अर्धा मिनिट. आदल्या रात्री मला ह्याच गोष्टीचं टेन्शन आलं होतं की आपलं वागणं तिला अपमानाचं तर वाटणार नाही ना, पण तिने जाताना माझा हात दाबला.

आणि मग अकराच्या सुमारास ती आली. पंचविशीची असेल, बरोबर सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांनी स्वतःचा बसपास दाखवला, सासूबाईंचा दाखवला, दोघांना मतपत्रिका मिळाल्या. हिची पाळी आली. मी तिला नाव विचारलं तर उत्तर सासऱ्यांनी दिलं. पत्ता विचारला, तोही त्यांनीच सांगितला. मी म्हटलं काका, प्लीज, त्यांनाच सांगू दे, मला त्यांच्या तोंडून ऐकावं लागतं. मग तिने हळू आवाजात सांगितलं आणि पासपोर्ट पुढे केला. भारतीय पासपोर्ट, फोटो तिचाच, जन्मगाव राजकोट. पण यादीत आडनाव सासरचं आणि पासपोर्टवर माहेरचं, आणि मधलं नाव तर काय, तिकडे नवऱ्याचं, इकडे वडलांचं. म्हणजे तीनपैकी दोन नावं जुळत नव्हती. लग्नानंतर पासपोर्ट बदललाच नव्हता, आणि यादीत नाव घालायचा फॉर्म घरातल्या कोणीतरी ऑनलाईन भरून टाकलेला.

मी मुलुंडची, शाळेपासून अर्ध्या मैत्रिणी गुजराती, त्यामुळे बोलता येतं. म्हटलं, बेन, पासपोर्टमां नाम जुदुं छे.

ती म्हणाली, "आ मारुं ज नाम छे."

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. खरंच होतं ना, तिचंच नाव होतं ते. जन्मापासूनचं. पण माझ्यासमोर यादी होती आणि यादीतली बाई वेगळी होती. नियम असा आहे की क्लार्क ओळखपत्र मान्य करू शकतो पण नाकारायचा अधिकार फक्त प्रिसायडिंग ऑफिसरचा. मी बाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून पासपोर्ट दोनदा पाहिला, यादी पाहिली. स्पेलिंगमधला छोटा फरक असता, किंवा धीरजलालच्या ऐवजी धीरू असतं, तर चाललं असतं. पूर्ण आडनावच वेगळं तर नाव बदलल्याचा कागद लागतो, लग्नाचं सर्टिफिकेट वगैरे. बाईंनी अगदी सावकाश, तिच्याकडे बघत सांगितलं की तुला मताचा हक्क आहे, तो जात नाही, रात्री दहाच्या आत सर्टिफिकेट घेऊन ये, मी इथेच आहे. मी ते सगळं गुजरातीत परत सांगितलं. सासरे म्हणाले, जाऊ दे, दोन मतं झाली की. ते काही वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की घरचं काम झालं. ती काहीच बोलली नाही, पासपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि गेली. बाईंनी नाकारलेल्यांच्या फॉर्मवर तिची नोंद केली. तो फॉर्म आमच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर पेपरवेटखाली दिवसभर पडून होता आणि दर वेळी तिकडे नजर गेली की मला ती ओळ दिसायची.

मला माझी आई आठवत होती. लग्नात तिचं पहिलं नावसुद्धा बदललं, तांदळात अंगठीने लिहून. त्यानंतर आयुष्यभर शाळेचा दाखला एका नावाचा आणि रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं, पेन्शनच्या वेळेला तर अॅफिडेव्हिट करत बसली होती कोर्टाबाहेर, उन्हात. बाप्या माणसाला हे कधीच करावं लागत नाही. आणि इथे, सात हजार किलोमीटर लांब, त्याच गोष्टीसाठी एका मुलीला परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

दुपार संथ गेली. शाळा सुटल्यावर पोरांना घेऊन आया आल्या. एक मुलगा कॉलेजचं कार्ड घेऊन आला, पहिल्यांदाच मत देणारा, त्याला सांगितलं तर म्हणाला पासपोर्ट होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला दिलाय आणि दुसरं काही नाही. त्याचीही ओळ झाली फॉर्मवर. तो परत आला नाही.

रात्री आठ वाजून गेले होते. मे महिन्यात इथे तेव्हा अजून उजेड असतो. हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो आणि दारातून ती आत आली. एकटी. अंगावर गोडाऊनचं पिवळं चमकणारं जॅकेट, पायात जाड बूट, म्हणजे शिफ्टवरून थेट आलेली, हातात प्लॅस्टिकची फाईल. फाईलमध्ये लग्नाचं सर्टिफिकेट, राजकोटच्या महापालिकेचं, गुजराती आणि इंग्लिश दोन्हीत, चार घड्या पडलेलं आणि घड्यांवर सेलोटेप. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन कपाट शोधलं म्हणाली. बाईंनी कागद टेबलावर सपाट केला, बोट ठेवून माहेरचं नाव पासपोर्टशी जुळवलं, सासरचं यादीशी जुळवलं, आणि मान हलवली. मी तिच्या नावावर रेघ मारली. माझा हात थोडा थरथरत होता हे खरं आहे.

दोन मतपत्रिका दिल्या. एक महापौराची, त्यावर एकच फुली, आधी दुसऱ्या पसंतीची पण मारता यायची ती पद्धत त्या निवडणुकीपासून गेली. दुसरी नगरसेवकांची, आमचा वॉर्ड तीन जणांचा म्हणून तिथे तीनपर्यंत फुल्या. तिने विचारलं, तीन मारल्याच पाहिजेत का? म्हटलं नाही, तीनपर्यंत, तुम्हाला वाटेल तेवढ्या. कोणाला, ते आम्ही सांगू शकत नाही आणि घरचंही कोणी सांगू शकत नाही. हे शेवटचं वाक्य मी जरा जास्त जोर देऊन बोलले असेन.

ती बूथमध्ये बराच वेळ होती. तो लाकडी बूथ म्हणजे तीन फळ्या आणि एक कट्टा, मागून फक्त पिवळं जॅकेट दिसत होतं. एकदा वाकली, परत सरळ झाली, परत वाकली. मग कागद अगदी बारीक घड्या घालून आली, पेटीत टाकले, आणि फटीतून खाली गेलेत ना ते बघायला वाकून पाहिलं. "थई गयुं?" म्हणाली. म्हटलं, थई गयुं.

दहाला दार बंद. मग हिशेब, किती मतपत्रिका आल्या, किती दिल्या, किती उरल्या, किती खराब झाल्या. एक कमी येत होती. अकाउंट्समधली असून मला घाम फुटला. पाऊण तास शोधलं, शेवटी न वापरलेल्या गठ्ठ्यात दोन कागद एकमेकांना चिकटलेले सापडले. पेटी गाडीत चढली तेव्हा साडेअकरा झाले होते. नाकारलेल्यांच्या फॉर्मवर आमच्याकडे सात ओळी होत्या. त्यातले चार परत येऊन मत देऊन गेले, तिला धरून.

दुसऱ्या दिवशी मी काऊंटिंगलाही होते. मोठा हॉल, लांबलचक टेबलं, समोर कठड्यापलीकडे पक्षांचे लोक आमच्या हातांकडे टक लावून, कागदावर चार रेघा आणि एक आडवी करत मोजणारे. आधी नुसते कागद मोजायचे, पेटीतला आकडा पोलिंग स्टेशनच्या हिशेबाशी जुळला की मगच मतं. एकाच पक्षाला तिन्ही फुल्या असतील ते कागद सोपे, पंचवीस पंचवीसचे गठ्ठे. पण आमच्या वॉर्डात मिक्स भरपूर, एक इकडे दोन तिकडे, किंवा फक्त एक. मग असे कागद मोठ्या शीटवर एकाखाली एक सरकवून चिकटवतात, फक्त फुल्यांचा रकाना दिसेल असे, त्याला काऊंटिंगवाले ग्रास स्कर्ट म्हणतात कारण दिसतंच तसं. माझ्या हातून शेकडो फुल्या गेल्या. ठळक, फिक्या, रागाने कागद फाटेपर्यंत मारलेल्या. कोणाची कुठली ते कळत नाही आणि कळू नयेच, पण मला त्या ढीगात कुठेतरी तिचे कागद आहेत एवढं माहीत होतं आणि मी एकही कागद घाईने सरकवला नाही.

निकाल म्हणाल तर मोठा होता. २०१९ ला ५४ पैकी ५३ लेबरचे होते आणि एक लिब डेम, म्हणजे लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा, म्हणजे विरोधी पक्ष नावालाच. २०२३ ला लेबर ३१, कॉन्झर्व्हेटिव्ह १७, ग्रीन ३, लिब डेम ३. देशभर त्याच दिवशी कॉन्झर्व्हेटिव्हांच्या हजाराहून जास्त जागा गेल्या आणि लेबर वाढलं, आणि लेस्टरमध्ये बरोब्बर उलटं. मार्चमध्ये लेबरने आपल्याच १९ नगरसेवकांची तिकिटं कापली होती, त्यातले काही समोरून उभे राहिले, आणि आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमधली हिंदू-मुस्लिम गडबड लोक विसरले नव्हते, हे ज्याने दारोदार लोकांशी बोलून पाहिलं त्याला माहीत आहे. महापौर सर पीटर सोल्सबी, २०११ पासूनचे, परत निवडून आले. शनिवारी किंग चार्ल्सचा राज्याभिषेक होता, सगळा देश टीव्हीसमोर, मी दुपारपर्यंत झोपले.

काही महिन्यांनी इलेक्टोरल कमिशनचा, म्हणजे इथल्या निवडणूक आयोगाचा रिपोर्ट आला. त्या दिवशी इंग्लंडमध्ये पोलिंग स्टेशनवर येऊन ओळखपत्रापायी मत न देताच गेलेले कमीत कमी १४,००० लोक, म्हणजे ०.२५ टक्के. टक्केवारी ऐकून ऑफिसात एकजण म्हणाला, अगं मग काहीच नाही की. मी त्याला आमच्या फॉर्मवरच्या तीन ओळींबद्दल सांगितलं, ज्यांच्यापुढचा परत आल्याचा रकाना रिकामाच राहिला. कॉलेजच्या कार्डवाला तो मुलगा त्यातला एक. दाराशी उभं राहून त्याने मला विचारलं होतं की मग पुढची निवडणूक कधी, आणि मी म्हटलं होतं, कौन्सिलची? चार वर्षांनी.