कोल्हापूरहून औली: मुलांना घेऊन बर्फावर जाताना

उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंगसाठी, म्हणजे पायाला लांब पट्ट्या (स्की) बांधून बर्फावरून घसरायला, जायचं तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. कोल्हापूरहून दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनची गाडी, पुढे हरिद्वार, मग रस्त्याने जोशीमठ. ऋषिकेशपासूनच सुमारे २५० किलोमीटर डोंगररस्ता आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, औलीचे उतार अडीच ते तीन हजारांवर, म्हणून एक रात्र जोशीमठात काढाच. तिथून औलीला जाणारा रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. वर गाडीनेच जायचं धरा.

सगळा घोळ होतो तो बुटांत. भाड्याचे स्कीचे बूट घालताना मोजा एकच, लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत. दोन घातले की घडी पडते, पाय आवळला जातो आणि उलट जास्त गारठतो. पँट बुटात कोंबू नका. टाच मागे आपटून बसवा, मगच बकल आवळा. गुडघे वाकवल्यावर टाच उचलली जात असेल तर बूट बदलून मागा, संकोच करू नका. सैल बुटात वळताच येत नाही. स्की अडकवण्याआधी तळव्याचा बर्फ खरवडा, नाहीतर बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) अर्धवट बसतं आणि उतारावर सुटतं.

मुलांना पहिल्या दिवशी काठ्या नकोत. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे वाकलेले: एवढं जमलं की थांबता येतं. भीतीने अंग मागे गेलं की स्की पळतात. पडायचंच तर कुशीवर.

रंकाळ्यावर फिरायचा स्वेटर आतून चालेल, वरून मात्र पाणी न शोषणारं जॅकेट हवं. जीन्स अजिबात नको. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावा.