आमची वाटचाल : आधी कोळंबी ठरते, मग मासे

खाऱ्या पाण्याची टाकी हवी म्हणून आमच्याकडे कोणी आलं, की माशांच्या रॅकपाशी नेण्याआधी आम्ही एक गोष्ट विचारतो. टाकीत कोळंबी, गोगलगायी, खेकडे हवेत का? उत्तर हो आलं, तर लायनफिश, ट्रिगर, पफर, हॉकफिश आणि मोठे रॅस हे मासे यादीतून तिथल्या तिथे कटाप होतात. नाही आलं, तर ते राहू शकतात, पण मग लहान मासे जातात. दोन्ही एकत्र हवंय, या हट्टावर दुकानाची बिलं वाढतात आणि घरातली टाकी रिकामी होते.

गोड्या पाण्याच्या टाक्या धुण्या-भरण्याच्या कामातून हा व्यवसाय उभा राहिला. आधी ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रोड, पुढे खाडीपलीकडे नवी मुंबईत ऐरोली आणि वाशी. खाऱ्या पाण्याकडे वळताना तोच हिशेब इकडे लावला होता. अमुक मासा शांत, तमुक भांडखोर, लांबीला इतके फूट म्हणजे इतके मासे. इथे तो लागू पडत नाही, कारण खडकांत राहणारा समुद्री मासा एक कपार धरतो आणि ती राखतो. त्याचा स्वभाव त्या कपारीशी बांधलेला असतो. पिशवीतून टाकीत पडला त्या दिवशी गरीब वाटलेला डॅमसेल हा छोटा मासा महिन्याभरात अर्धी टाकी स्वतःची समजतो. म्हणून आता आमच्याकडे यादी आधी बनते, काच नंतर कापली जाते.

यादीच्याही आधी पाणी. नवी मुंबईत मोरबे धरणाचं येतं, घोडबंदरच्या कित्येक सोसायट्यांत टँकरचं. नळाचं थेट दोन्हीकडे चालत नाही. "खाडीचं आणलं तर?" हा प्रश्न दर पंधरा दिवसांनी येतोच. ठाण्याच्या खाडीची खारटता भरती-ओहोटीने आणि पावसाने बदलत राहते, शिवाय त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं. त्यापेक्षा लबाड प्रकार म्हणजे स्वयंपाकघरातला आरओ. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत पाण्यात तांबं सोडणारी कार्ट्रिज असते. माणसाला त्याचं काही होत नाही, पण कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल (अ‍ॅनिमोन) यांना तांबं अगदी थोडंही झेपत नाही. मासे ठणठणीत आणि कोळंब्या एकामागोमाग आडव्या, असं दिसलं की आम्ही आधी आरओचं मॉडेल विचारतो. टाकीला डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावलेला वेगळा आरओ लागतो आणि मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य यावा लागतो. आकडा वर सरकू लागला की रेझिन बदलायचं.

वीस लिटरच्या कॅनला साधारण 720 ते 760 ग्रॅम मीठ लागतं, पण या आकड्यावर विसंबू नका. पावसाळ्यात मिठाची बादली ओल धरते आणि वजन फसवतं. छोटा पंप सोडून रात्रभर ढवळा, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटता मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीवर) बघा, 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) म्हणजे घनता 1.026 च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटरही 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्यायचा. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारा वर दोन-तीन पीपीटीने चुकलेला असू शकतो. पाणी उडून गेलं की मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर आरओच्या साध्या पाण्याने घालायची, खाऱ्याने नव्हे. मे महिन्यात पंखा सोडलेल्या टाकीत ही भर विसरली, तर दोन दिवसांतच खारटता चढते. मासा तग धरतो. गोगलगायी आधी झाकण बंद करून पडून राहतात आणि मग वास येतो.

काही गोष्टी आम्ही मुळातच ठेवत नाही आणि त्यावर घासाघीस होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या सूचीत 2001 मध्ये समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, खडक बांधणारी प्रवाळं आणि समुद्रपंखे आले. शोभेसाठी ठेवलेलं सुकं प्रवाळही त्यातून सुटत नाही. त्यामुळे आमच्या टाक्यांत सिरॅमिकचे खडक असतात. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यावर वसायला चार ते सहा आठवडे जातात. मासे न सोडता बाटलीतला अमोनिया घालून तो 2 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) चढवायचा. चोवीस तासांत तो आणि त्यापासून बनणारा नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार. बाटलीतले जिवाणू घातले तरी हीच चाचणी लावायची, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

सिरॅमिकच्या खडकाची एक बाजू गिऱ्हाइकाला आधी सांगावी लागते. त्यावर सुरुवातीला सूक्ष्म जीव नसतात. मँडरिन नावाचा नक्षीदार मासा दिवसभर तेच टिपून खातो. नव्या टाकीत तो दोन महिन्यांत पाठीला धार येईपर्यंत वाळतो आणि मरतो, कुणाशीही न भांडता. जुळणं म्हणजे नुसतं एकमेकांना न चावणं नाही. त्या टाकीत त्याचं खाणं आहे का, तेही त्यातच येतं. क्लीनर रॅसची तीच कथा. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून तो जगतो. चार-पाच माशांच्या टाकीत त्याचं पोट भरत नाही. तेच काम लाल-पांढरी क्लीनर कोळंबी करते, शिवाय गोळ्या आणि गोठवलेलं खाणंही खाते. सुंदर दिसतो म्हणून निळा तारामासा मागणाऱ्यांनाही आम्ही नकोच म्हणतो. खारटतेतला बदल त्याला सोसत नाही, आणि सोसला तरी उपासमार टळत नाही.

आता तोंडाचा हिशेब. लायनफिशच्या तोंडात जे मावतं ते त्याचं खाणं, आणि त्याचं तोंड दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं उघडतं. मून रॅस स्वस्त मिळतो, रंग झकास, पण 25 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि कोळंबीचे तुकडे करून खातो. पफर आणि ट्रिगर गोगलगायीचं कवच फोडतात. "आमच्या पफरने तर कोळंबीला हातही लावला नाही" असं सांगणारे भेटतात. कात टाकेपर्यंत लावत नाही. कात टाकल्यावर एक-दोन दिवस कोळंबीचं अंग मऊ असतं, त्या रात्री लावतो. उलट, टाकीत कोळंबीच्या आकाराचं रिकामं पारदर्शक कवच दिसलं की घाबरून फोन येतात. ती मेलेली नसते, कात टाकून खडकामागे बसलेली असते. कवच तिथेच राहू द्या आणि दोन दिवस तिला शोधायला जाऊ नका.

डॅमसेलबद्दल आमचं मत कडक आहे. टाकी सुरू करायला स्वस्त आणि टणक मासा म्हणून डोमिनो किंवा निळा डॅमसेल गळ्यात मारला जातो. तो टणक असतो, हे खरं. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक माशाचे पर तो कुरतडतो, हेही खरं. आणि त्याला जाळीत पकडायचं म्हणजे सगळे खडक बाहेर काढावे लागतात. अमोनियाची बाटली घ्या, तिचा कुणाला त्रास नाही.

क्लाउनफिश मात्र सगळ्यांना हवा असतो आणि तो द्यायला हरकतही नाही. ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनचं समुद्री शोभिवंत माशांचं पैदास केंद्र आहे, म्हणजे क्लाउन हा आता फक्त समुद्रातून पकडून आणायचा मासा राहिलेला नाही. पैदास केलेलं पिल्लू गोळ्या खायला शिकूनच येतं, हा मोठा फायदा. सगळे क्लाउन नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला वरचढ मादी होतो. म्हणून दोन पिल्लं घ्या, एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट लहान. दोन मोठ्या माद्या एका टाकीत टाकल्या तर एकीचं मरण ठरलेलं. दोन जाती मिसळू नका. आपल्याकडे मिळणारा सेबी क्लाउन 15 सेंटीमीटरच्या घरात जातो आणि नाजूक ऑसेलारिस जातीच्या क्लाउनला कोपऱ्यात दाबून टाकतो. मरून क्लाउन त्याहून खट.

समुद्रफुलाशिवाय क्लाउन उत्तम राहतो. ते पाहिजेच असेल तर निदान सहा महिने टाकी मुरू द्या. समुद्रफूल एका जागी बसत नाही. रात्री सरकत सरकत पावरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) जाळीत ओढलं गेलं, की सकाळी पाणी दुधाळ आणि टाकीतलं सगळंच धोक्यात. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधणं हा पाच मिनिटांचा उपाय आहे, पण आधी करायचा.

खरेदीत एक घोटाळा वारंवार दिसतो. रॉयल ग्रामा हा पुढे जांभळा, मागे पिवळा असा समंजस मासा. डॉटीबॅक नावाचा दुसरा मासा अगदी तशाच रंगात मिळतो, किंमत कमी, डोकं गरम. ओळखायची खूण सोपी आहे. ग्रामाचा जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू विरघळतो आणि पाठीच्या परावर पुढे एक काळा ठिपका असतो. डॉटीबॅकच्या अंगावर दोन रंगांमध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ असते.

हिरव्या क्रोमिसचा थवा छान दिसतो म्हणून सहा घेतात. ते दुबळ्यापासून सुरू करून एकेकाला संपवत जातात, वर्षाअखेरीस एक-दोन उरतात. बांगाई कार्डिनलचंही तसंच. आधीच जमलेली नर-मादीची जोडी घ्या, नाहीतर एकच. निळ्या टँगला सहा फुटांखाली टाकी आम्ही देत नाही, तो 25 सेंटीमीटरहून मोठा होतो आणि दिवसभर पोहतो. "लहान आहे तोवर ठेवतो, मग बदलू" म्हणणाऱ्याची टाकी नंतर बदललेली आम्ही पाहिलेली नाही.

नव्या घरासाठी आमची नेहमीची यादी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीची असते. काठोकाठ साधारण 191 लिटर. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता 150 च्या आसपास पाणी. त्यात दोन क्लाउन, एक ग्रामा, एक फायरफिश, एक पिवळी वॉचमन गोबी. सोबत गोबीची भागीदार पिस्तूल कोळंबी, दोन क्लीनर कोळंब्या, पाच ट्रोकस आणि पाच नॅसारियस गोगलगायी. बस्स. पिस्तूल कोळंबी बीळ खणते, तिला फारसं दिसत नाही, गोबी दाराशी पहारा देते आणि कोळंबी एक मिशी तिच्या अंगावर टेकवून बसते. रात्री काच तडकल्यासारखा 'टक्' आवाज आला तर टाकी रिकामी करायला धावू नका, तो तिच्या नांगीचा असतो. ती खणते म्हणूनच खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवायचे, वाळू नंतर भोवती ओतायची.

पट्टेदार बँडेड कोळंबी एकच ठेवा, दोन ठेवल्या तर एकमेकींना मारतात. हर्मिट खेकडे घेतले तर प्रत्येकामागे दोन-तीन रिकामे, थोडे मोठे शंख टाकीत पसरा. शंख कमी पडले की ते गोगलगायीला मारून तिचं घर घेतात. ट्रोकस उलटी पडली तर स्वतः सरळ होते, टर्बो जातीच्या गोगलगायीला बरेचदा हाताने सरळ करावं लागतं. म्हणून दिवसभर घर बंद असणाऱ्यांना आम्ही ट्रोकस देतो.

सोडायचा क्रम भित्र्यापासून. पहिल्यांदा गोगलगायी, मग फायरफिश आणि गोबी, मग ग्रामा, शेवटी क्लाउन. प्रत्येक टप्प्यात दोन ते तीन आठवड्यांचं अंतर, आणि अमोनिया शून्य दिसल्याशिवाय पुढचा मासा नाही. फायरफिश घाबरला की उडी मारतो. टाकीवर सहा मिलिमीटरची जाळी बसवल्याशिवाय आमचा माणूस पिशवी उघडत नाही.

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त खर्च आम्ही केला तो विलगीकरणाच्या, म्हणजे नवे मासे वेगळे ठेवायच्या रॅकवर. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि वेल्वेट हे परजीवींचे रोग खाऱ्या पाण्यातले दोन मोठे शत्रू, आणि दोन्हींवर तांबं चालतं. किलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) तांबं 2.0 ते 2.5 पीपीएम, साधं आयनिक 0.15 ते 0.20, तीस दिवस. दोन्ही मोजायची किट वेगळी, अदलाबदल केली तर एकतर औषध लागत नाही किंवा मासा मरतो. हेच तांबं कोळंबीचं विष, म्हणून कोळंब्यांचा रॅक दुसऱ्या भिंतीला आणि त्यांच्या जाळ्या, बादल्या निळ्या रंगाच्या. रोगाचे कोष कोळंबीच्या कवचावरून येऊ शकतात, म्हणून त्याही सहा आठवडे माशांशिवाय राहतात. घरच्या मुख्य टाकीत तांबं कधीच टाकू नका. खडक आणि वाळू ते शोषून धरतात. जुनी टाकी खडकांसकट विकत घेणाऱ्यांनी विकणाऱ्याला आधी हेच विचारावं.

पिशवी घरी आली की पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. आमच्या दुकानातून तासाभरात पोचलेल्या कोळंबीला थेंब-थेंब पद्धत, म्हणजे तिच्या पाण्यात टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब, ते दुप्पट होईपर्यंत. चेन्नईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माशाला मात्र हे करू नये. पिशवी उघडताच साठलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. त्याच्यासाठी आधीच खारटता जुळवलेलं पाणी तयार ठेवायचं आणि लगेच हलवायचं. पिशवीचं पाणी दोन्ही वेळा गटारात.

लाईट जाण्याची तयारी म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप प्रत्येक टाकीबरोबर जातो. उन्हाळ्यात पाणी 28 अंशांच्या वर गेलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, त्यात पंप बंद पडला तर मोठे मासे आधी वर येऊन तोंड मारू लागतात. उन्हात तापणाऱ्या वरच्या मजल्यावर चिलरशिवाय आम्ही टाकी लावत नाही.

आणि गणपतीला दहा दिवस गावी जाणाऱ्यांसाठी. निघण्याच्या दोन दिवस आधी एका कॅनचं पाणी बदला, आदल्या दिवशी नको. खाणं एकेका दिवसाच्या पुड्या बांधून ठेवा, एक दिवसाआड एक पुडी, म्हणजे पाचच. डबा कपाटात कुलपात. शेजारच्या काकूंना मासे भुकेले दिसतात आणि त्या प्रेमाने मूठभर टाकतात. आरओचं साधं पाणी भरलेल्या बाटल्यांवर 'फक्त हेच' असं लिहा आणि काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारून जा.