थायरॉइडची गोळी आणि न मिटणारी मूठ

गेल्या वर्षी जूनमध्ये छातीतील धडधड आणि दोन महिन्यांत सहा किलोंनी उतरलेले वजन यांमुळे केलेल्या तपासणीत माझा टीएसएच (थायरॉइड अति काम करू लागले की घटणारे संप्रेरक) ०.०१ निघाला आणि वाढलेल्या थायरॉइडसाठी रोज २० मिलिग्रॅम कार्बिमाझोल ही थायरॉइडला आवर घालणारी गोळी सुरू झाली. महिन्याभरात धडधड थांबली.

पाचव्या आठवड्यात कुकरचे झाकण फिरवताना उजव्या मनगटातून अशी कळ आली की झाकण हातातून सुटले. दोन दिवसांत बोटांचे सांधे सुजले, मूठ मिटेना, मग दुखणे गुडघ्यांत उतरले. पुण्यात पावसाळ्यात सांधे धरले की पहिला संशय चिकुनगुन्यावर जातो, त्यामुळे आमच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण ती तपासणी निगेटिव्ह आली, संधिवातासाठीचा आरए फॅक्टरही निगेटिव्ह आला आणि हाती पडली ती ड जीवनसत्त्वाची पुडी व ‘या वयात असे व्हायचेच’ हे आश्वासन. मी ४६ वर्षांची आहे.

दुधाचा हिशेब मी कालनिर्णयवर मांडते. गोळी सुरू केल्याची खूणही तिथेच होती. ते पान घेऊन मी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञांकडे, गेले. त्यांनी सांध्यांआधी ताप आणि घसादुखी आहे का, हे विचारले, कारण या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. पेशी ठीक होत्या. टी४ हे थायरॉइडचे संप्रेरक फार खाली गेल्यानेही अंग दुखते, म्हणून तोही पाहिला. तो नॉर्मल होता. तेव्हा दुखणे गोळीमुळेच असावे, म्हणून त्यांनी ती थांबवली. दहाव्या दिवशी मी पोळ्या लाटल्या.

धडधड मात्र परतली. त्यासाठी धडधड आवरणारे प्रोप्रॅनोलॉल दिले. प्रोपिलथायोयुरॅसिल हे थायरॉइड आवरणारे दुसरे औषध हा पर्याय होता, परंतु त्यानेही सांधे धरू शकतात आणि यकृताची जोखीम वेगळीच, म्हणून डोळे तपासून रेडिओआयोडीन, म्हणजे थायरॉइडच्या पेशी नष्ट करणारे किरणोत्सर्गी आयोडीन, देण्याचे ठरले. एक कॅप्सूल, मग काही दिवस वेगळी खोली आणि भाचीच्या तान्ह्या बाळापासून लांब राहणे. हे शेवटचे सर्वांत जड गेले.

चार महिन्यांनी, आधीच सांगितल्याप्रमाणे, थायरॉइड मंदावले आणि त्याची उणीव भरून काढणारे थायरॉक्सिन सुरू झाले, जे आता कायमचे आहे. ते वेगळे औषध आहे हे पटवून देऊनही पहिले सहा आठवडे मी रोज सकाळी अंथरुणातच मुठी मिटून पाहत असे.