उतू नको, मातू नको

जेवणं उरकून जरा आडवं व्हावं म्हटलं, तोच खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मेसेज आला. ‘ताई, तुमचं वाचन दांडगं. आमच्या लेकीला सुट्टीत वाचायला जादूबिदूचं काहीतरी सुचवा ना. पाचवीत जाईल आता. फार जाड नको, भुतंखेतं नकोत, मारामारी नको, आणि त्यातून चार गोष्टी शिकायलाही मिळाल्या पाहिजेत.’ खाली हात जोडल्याचं चित्र. या सगळ्या अटींत बसणारं एकच पुस्तक मला आठवलं. अंकलिपी.

चार गोष्टी शिकायला मिळाल्या पाहिजेत म्हणे! सलमान रश्दींनी १९९० साली आपल्या मुलासाठी ‘हरून अँड द सी ऑफ स्टोरीज’ लिहिली, तिचं सगळं रामायण अशाच एका प्रश्नातून घडतं. ज्या गोष्टी खऱ्याच नाहीत त्यांचा उपयोग काय, असं पोरगा रागाच्या भरात विचारून बसतो आणि गोष्टी सांगून पोट भरणाऱ्या बापाची वाचाच जाते. मीही लगेच उत्तर दिलं नाही. ‘बघते’ म्हटलं आणि पंखा वाढवला.

माझं स्वतःचं जादूचं शिक्षण चांदोबावर झालं. मामाकडे माळ्यावर जुन्या अंकांची चळत होती. मे महिन्यात ती खाली उतरायची, तिच्याबरोबर दोन-चार झुरळंही. शहाबादी फरशीवर पोट टेकून आम्ही सगळी भावंडं, मधे कैरीच्या फोडी आणि तिखट-मीठ, त्यामुळे अंकाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर लाल बोटं उमटलेली. आधी उघडायचं ते विक्रम-वेताळ. शंकर यांनी काढलेलं ते वरचं चित्र, तलवार घेतलेला राजा आणि खांद्यावर प्रेत. त्याची फार भीती वाटायची असं आता मोठेपणी सांगायला बरं. आम्हाला खरी पडलेली असायची ती वेताळाच्या अटीची. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मौन मोडलं म्हणून मी चाललो झाडावर.

माझा मावसभाऊ यातून पळवाटा काढण्यात पटाईत. ‘राजाने कानात बोटं घालायची. गोष्ट ऐकलीच नाही तर उत्तर माहीत कसं असेल?’

‘बोटं घालायला हात कुठेत त्याला?’ मामेबहीण म्हणायची. ‘एका हातात तलवार, दुसऱ्याने प्रेत धरलंय.’

‘मग गुणगुणायचं. म्हणजे ऐकूच येणार नाही.’

‘गुणगुणलं की मौन मोडलं.’

‘तोंड मिटून गुणगुणलं तर नाही मोडत.’

हा खटला चहाच्या वेळेपर्यंत चालायचा. मूळच्या पंचवीस गोष्टी कधीच संपल्या होत्या, पण चांदोबावाले दर महिन्याला नवी रचत होते आणि वेताळ दर महिन्याला झाडावर परत जात होता. भाऊ आता करसल्लागार आहे.

मुलांना जादू आवडते कारण तिथे काहीही होऊ शकतं, असं मोठ्यांना वाटतं. ‘काहीही’ मुलांना अजिबात चालत नाही. डबा ऐसपैस खेळणाऱ्या पोरांकडे गॅलरीतून बघा. खेळ थोडा, तंटा फार. टाइमप्लीज आउट व्हायच्या आधी म्हटलं की नंतर, कच्च्या लिंबूवर राज्य येतं की नाही, यावर गळ्याच्या शिरा ताणून भांडतील, पण ‘जाऊ दे, चालतंय’ असं कुणी म्हणणार नाही. हे साधारण आठ ते बाराचं वय. पुढे माणूस ‘चालतंय’ म्हणायला शिकतो आणि त्याला जादूची पुस्तकं पोरकट वाटायला लागतात.

आपल्याकडे तर हे बाळकडूच आहे. श्रावणातल्या कहाण्या घ्या. आटपाट नगरातल्या त्या बाया, त्यांच्या हाती आलेला वसा, आणि त्याबरोबर न चुकता येणारी ताकीद, उतशील मातशील, घेतला वसा टाकशील. टाकला की गेलं वैभव. राजाने हुकूम सोडून गावभरचं दूध ओतवलं तरी गाभारा भरत नाही, आणि पोराबाळांना, गाईवासरांना आधी देऊन म्हातारीने आणलेल्या खुलभर दुधाने तो भरतो. का, तर दुधाचाही काही हिशेब आहे. लहानपणी मला त्यातल्या भक्तीचं काही कळलं नव्हतं, हिशेब मात्र चोख कळला होता.

म्हणून पुस्तक सुचवायचं तर माझं एकच बघणं असतं. जादूची किंमत कोण मोजतं? मिखाएल एंडे या जर्मन लेखकाच्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’त बास्टियान नावाचा पोरगा पुस्तक चोरून शाळेच्या माळ्यावर वाचत बसतो आणि त्या पुस्तकातच ओढला जातो. तिथे त्याला हवं ते मिळतं. एकेक इच्छा पुरी होते आणि तिच्यापायी घरची एकेक आठवण पुसली जाते. त्याच्या ते ध्यानातही येत नाही. १९७९ सालची कादंबरी आहे, जाडजूड आहे, दहा वर्षांच्या पोरीला झेपेल की नाही कोण जाणे. पण मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात इतका कडक सावकार दुसरा नाही.

आणि एक माझा हेका. शेवटी ‘आणि तिला जाग आली’ असं असेल तर ते पुस्तक मी कुणाला देत नाही. इतका वेळ आमचा जीव टांगणीला लावायचा आणि शेवटी म्हणायचं, ते स्वप्न होतं! ‘ॲलिस इन वंडरलँड’मधल्या ॲलिसला तेवढं माफ. का, ते विचारू नका. भा. रा. भागवतांनी तिला मराठी वळण देऊन ‘जाईची नवलकहाणी’ केली, तीही माफ.

मराठीत ही जादू रंगमंचावर चांगली नांदली. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या प्रभावळकरांच्या चेटकिणीला घाबरलेली पोरं आता आजी-आजोबा व्हायच्या वयाला आली असतील. पण पोराला दोन-तीनशे पानं धरून ठेवणारी अद्भुत कादंबरी म्हटलं की माझा हात भाषांतराकडेच जातो. तसा तो त्या दिवशीही गेला, आणि ‘हॅरी पॉटर आणि परीस’ खालच्या मजल्यावर रवाना झालं. जाड होतं, मारामारी होती, भुतं तर ढिगाने होती. बाईंना ‘मैत्रीचं महत्त्व’ असं कळवलं. त्या खूश.

पोरगी वर आली ती तक्रार घेऊनच. ‘काकू, शाळेबाहेर जादू करायची नाही ना?’

‘नाही.’

‘मग हर्मायनी ट्रेनमध्ये सांगते, मी घरी दोन-चार मंत्र म्हणून पाहिले आणि ते चालले. तेव्हा तर शाळा सुरूसुद्धा झाली नव्हती. तिला कुणी कसं नाही पकडलं?’

मी म्हटलं, कदाचित शाळेत नाव पक्कं झाल्यावरच नियम लागू होत असेल. ‘असं लिहिलंय का कुठे?’ नव्हतं लिहिलेलं. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने आयकर खात्यातले लोक माझ्या भावाकडे बघत असणार.

माझी आजी असती तर तिने या पोरीला बरोबर उत्तर दिलं असतं. आजीने आयुष्यात एक कादंबरी वाचली नाही. कॉलेजात असताना मी तिला नार्निया नावाच्या जादूच्या देशात नेणाऱ्या कपाटाची गोष्ट सांगितली होती. ती मेथी निवडत होती. विमानांचे हल्ले चुकवायला लंडनबाहेर पाठवलेली चार भावंडं, कपाटापलीकडचं बर्फाचं राज्य, आणि धाकट्यातला एक जण गोड खाण्यापायी चेटकिणीला भावंडांची माहिती देऊन बसतो. जो फितूर झाला तो चेटकिणीचा, असा तिथला कायदा. मग त्याच्या जागी सिंह स्वतःचा जीव देतो, आणि निरपराध्याने आपखुशीने जीव दिला तर मरणच उलटं फिरतं असं त्याहून जुनं कलम निघतं.

‘म्हणजे उद्यापन सिंहाने केलं,’ आजी म्हणाली. तिला ते लगेच पटलं. अडलं ते दुसरीकडेच. ‘पण गोड खाण्यासाठी सख्ख्या भावंडांना? घरी मिळत नव्हतं होय त्याला?’

मी सांगत होते की ती मंतरलेली मिठाई होती, एकदा खाल्ली की आणखी खावीशी वाटणारी. आजीने मान हलवली. ‘लढाई चालू होती म्हणालीस ना? साखर रेशनवर असणार.’ ती स्वतः रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभी राहिलेली बाई. मी म्हटलं, पुस्तकात असं काही नाहीये. पुष्कळ वर्षांनी कुठेतरी वाचलं, की ते पुस्तक आलं १९५० साली आणि इंग्लंडात गोड खाऊवरचं रेशन उठलं फेब्रुवारी १९५३ मध्ये. पुस्तक हातात घेतलेल्या तिथल्या पोरांना त्या डब्यातल्या मिठाईचं कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

‘मग पुढे दिली का तिने त्याला आणखी मिठाई?’ आजीने विचारलं.

नाही. तो पुन्हा तिच्याकडे गेला तेव्हा तिने त्याच्यापुढे वाळका पाव आणि पाणी ठेवलं.

‘वाटलंच मला,’ आजी म्हणाली.